बर्फाची माती, खाडीचा गाळ : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर

नववीच्या पाच मुलांसोबत विज्ञान प्रदर्शनाच्या प्रकल्पाला आज सुरुवात केली. विषय एका प्रश्नामुळे ठरला. हिमनदीचं कार्य शिकवत होतो. फळ्यावर हिमोढाची, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या गाळाची आकृती काढून झाली, व्याख्या लिहून दिली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, बर्फ वितळून गेला, पण गाळ तिथेच राहिला ना? मग आता त्याच्यावर काय आहे?"

एकवीस वर्षं हा धडा शिकवतो आहे. हिमनदी डोंगर कसा कोरते ते रंगवून सांगतो आणि गाळापाशी आलो की धडा संपतो. खरं तर माणसाचा संबंध येतो तो त्या गाळाशीच. अमेरिकेतल्या मक्याचा आणि कॅनडातल्या गव्हाचा फार मोठा भाग हिमयुगाने टाकलेल्या मातीत पिकतो.

कळव्यात बसून बर्फ दाखवता येणार नाही. माती दाखवता येईल. हिमोढाच्या प्रदेशातली माती आणि आपल्या ठाण्याच्या आसपासची माती, दोन्ही एकाच पद्धतीने तपासायच्या आणि शेजारीशेजारी मांडायच्या, असं ठरलं.

१४ ऑक्टोबर

भाचीला फोन केला. ती अमेरिकेत आयोवा राज्यात, एम्स शहराच्या उत्तरेला राहते. घराच्या चारही बाजूंना मक्याची आणि सोयाबीनची शेतं. "मामा, त्यात काय, किलोभर माती पाठवून देते," म्हणाली.

तसं करता येत नाही. परदेशातली माती देशात आणायला परवाना लागतो. मातीबरोबर सूत्रकृमी, बुरशी, तणांचं बी येतं, म्हणून नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत. मुलं हिरमुसली. तोडगा त्यांच्यातल्याच एकाने काढला: "सर, माती येऊ नये तर न येवो. त्यांनी बाटली तिकडे भरावी, आपण इकडे भरू. पद्धत एकच."

पद्धत लिहून काढली. माती सावलीत सुकवायची, ढेकळं हाताने फोडायची, २ मिमीच्या चाळणीतून काढायची. सरळ बाजूच्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. पाच मिनिटं जोरात हलवायची आणि ठेवून द्यायची. ४० सेकंदांनी पहिली रेघ मारायची, तोवर वाळू बसलेली असते. दोन तासांनी दुसरी, ती पोयट्याची, म्हणजे वाळूपेक्षा बारीक पण चिकणमातीपेक्षा जाड कणांची. दोन दिवसांनी तिसरी, चिकणमातीची. चाळणीवर राहिलेले खडे फेकायचे नाहीत, वाटीत जपून ठेवायचे. हे शेवटचं वाक्य मी सहज घातलं होतं, पण सगळ्यात जास्त कामाला तेच आलं.

२१ ऑक्टोबर

भाचीने शेजारच्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन मका काढलेल्या रानात खड्डा खणला. मीटरभर खोल. तिचे फोटो वर्गातल्या पडद्यावर लावले तेव्हा मुलं गप्प झाली. वरची अर्धा मीटर माती काळीकुट्ट, ओली, चुरचुरीत. त्याखाली तपकिरी, त्याच्याही खाली पिवळट, आणि त्या पिवळटात खडे रुतलेले. वाटीत सहा खडे होते: दोन पांढरट चुनखडीचे, एक काळा, एक शिस्टसारखा पापुद्र्यांचा, आणि दोन गुलाबी ग्रॅनाइटचे.

ग्रॅनाइटवर गाडी अडली. तिच्या घराच्या आसपास जमिनीखाली ग्रॅनाइट नाही, चुनखडक आणि शेल आहेत. मग गुलाबी दगड आला कुठून? तर उत्तरेकडून, मिनेसोटा आणि त्याच्याही पलीकडून, बर्फात गोठून. हिमचादरीची एक जीभ सुमारे १५,००० वर्षांपूर्वी खाली सरकत आज डी मॉइन शहर आहे तिथपर्यंत आली होती. त्या जिभेलाच डी मॉइन लोब म्हणतात. वाटेत लागलेला प्रत्येक खडक तिने खरवडला, दळला आणि सोबत ओढत आणला. पुढे बर्फ वितळला आणि सगळं ओझं जागच्या जागी खाली बसलं.

मुलांना फरक कळावा म्हणून मी विचारलं, "उल्हास नदीत दगड कुठे मिळतात आणि चिखल कुठे?" उत्तर पटकन आलं: दगड वर कर्जतकडे, चिखल खाली खाडीत. पाणी निवड करतं. जोर कमी झाला की आधी मोठं टाकतं, मग बारीक. वारा तर फक्त बारीकच उचलतो. बर्फाला अशी निवड करता येत नाही. माणसाएवढा धोंडा आणि पिठाएवढी धूळ तो एकाच हाताने आणतो आणि एकाच ढिगात टाकतो. हिमोढाची खरी ओळख हीच, आणि ती व्याख्येत येत नाही.

भाचीने खालच्या पिवळट मातीवर व्हिनेगर ओतलं. फसफसलं. वरच्या काळ्या मातीवर ओतलं, काही झालं नाही. दळलेला चुनखडक खाली अजून शिल्लक आहे, वरचा पावसाने धुऊन नेला. साधारण मीटरभर धुवायला एवढी हजारो वर्षं लागली.

२५ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीत एक मुलगा शहापूरला आजोळी गेला होता. दोन पिशव्या घेऊन आला: माळावरची तांबडी वरकस माती आणि खालच्या भातखाचरातली करडी. दोन्हींवर व्हिनेगर टाकलं. बुडबुडासुद्धा आला नाही. वाटीत खडे मात्र होते, सगळे एकाच जातीचे. काळा दगड आणि त्याचा कुजलेला मुरूम. मुलाने वहीत लिहिलं, "आपल्या मातीला एकच आई आहे." वाक्य मी तसंच तक्त्यावर घेणार आहे.

२६ ऑक्टोबर

दिव्याच्या पुढे खाडीकाठच्या एका गावात गेलो. प्रकल्पातल्या एका मुलीचे आजोबा आगरी शेतकरी, वय सत्तरीच्या पुढे, अजून दोन एकर खार जमीन कसतात. ओहोटीची वेळ साधून गेलो होतो. भात कापून उडव्या रचलेल्या. बाहेरकाठ्यावरून, म्हणजे खाडीकडच्या बांधावरून चालत त्यांनी उघाडी दाखवली. बांधातून काढलेली पाण्याची वाट आणि तिला खाडीच्या बाजूने लाकडी झडप. भरती आली की पाण्याच्या रेट्याने झडप आपोआप बंद होते आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही.

मी विचारलं, "आजोबा, मीठ जातं कसं?"

"पाऊस नेतो, मास्तर. पयले पंधरा दिवस नुसतं पानी भरायचं आन सोडायचं. गोडं पानी वरशी दाबतं, मीठ खाली उतरतं. मग रहू टाकायचा. उन्हाला लागला का तेच मीठ परत वर येतं, पांढरं फेक."

रहू म्हणजे मोड आणलेलं भात चिखलात फेकून पेरणं. रोपं उपटून लावण्याचे लाड खार जमिनीत नेहमी चालत नाहीत. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने मीठ सोसणारी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही वाणं दिली. आजोबांनी त्यातलं एक करून पाहिलं होतं. "बरं झालं, पन चवीला आपलं जुनंच," म्हणाले.

एक वर्ष उधाणात बांधाला खांड पडली आणि तीन वर्षं शेतात काही पिकलं नाही, हे त्यांनी सांगितलं तेव्हा नात त्यांच्याकडे बघत राहिली. तिने ते आधी ऐकलं नव्हतं.

खाचरातला गाळ डबाभर घेतला. तिवरांच्या बाजूचा घेतला नाही, ते जंगल संरक्षित आहे.

२९ ऑक्टोबर

चार बाटल्या एकाच वेळी हलवल्या: आयोवाची तिकडे, दोन शहापूरच्या आणि खारीची एक इकडे. खारीच्या मातीत चिकण भरपूर असणार, ती दोन दिवस गढूळ राहणार, असं मी मुलांना आधीच सांगून बसलो होतो.

वीस मिनिटांत खारीची बाटली सगळ्यात आधी निवळली. वर नितळ पाणी, खाली फुगीर करडा थर. शहापूरच्या दोन्ही अजून गढूळ.

मुलांनी वहीत लिहिलं: खार माती, चिकण कमी. मी सही केली नाही. चिखलात पाय रुतला होता तेव्हा बोटांमधून साबणासारखी निसटणारी ती माती आठवत होती. हात सांगतो ते आणि बाटली सांगते ते जुळत नव्हतं.

३० ऑक्टोबर

रात्रभर त्याचाच विचार. सकाळी उलगडलं. मीठ!

चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून तरंगत राहतात. पाण्यात पुरेसं मीठ असलं की हा दुरावा मोडतो, कण एकमेकांना चिकटतात, पुंजके होतात आणि पुंजका जड म्हणून पटकन बसतो. आमच्या बाटलीत चिकण कमी नव्हती. तिचे पुंजके झाले होते, इतकंच.

मुलांना म्हटलं, सही केली नाही हे बरं झालं. आता मीठ धुवायचं.

३ नोव्हेंबर

धुण्याचे चार दिवस. नळाच्या पाण्यात स्वतःचे क्षार असतात म्हणून गॅरेजमधून बॅटरीत घालायचं पाणी आणलं. बाटली हलवायची, बसू द्यायची, वरचं ओतून टाकायचं, नवीन पाणी घालायचं. पहिल्या तीन वेळा पाणी दर खेपेला निवळलं. चौथ्यांदा निवळायला रात्र लागली. पाचव्यांदा निवळलंच नाही. बाटलीभर करडं दूध.

मुलगी म्हणाली, "आजोबा हेच करतात ना? शेत धुतात."

हो. बाटलीत दिसलं ते शेतातही होतं. मीठ जातं पण सोडियम कणाला चिकटून राहिला तर जमीन गोड्या पाण्यात फाकते, छिद्रं बुजतात आणि पाणी खाली उतरेनासं होतं. त्यामुळे शेत धुणं हे हळू करायचं काम आहे. आजोबांचे पंधरा दिवस कुठल्या पुस्तकातून आलेले नाहीत, पण अंदाजानेही आलेले नाहीत.

५ नोव्हेंबर

एक छोटी दुरुस्ती. भाचीच्या घरात पाणी २० अंशांचं, आमच्या वर्गात ३०. गरम पाणी पातळ असतं, कण लवकर पडतात. २० अंशांना चिकणमातीचा २ मायक्रॉनचा कण १० सेंटीमीटर खाली यायला आठ तास घेतो, ३० अंशांना सुमारे साडेसहा. म्हणजे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी रेघ मारणं चूक. वेळांचा नवीन तक्ता केला. गणिताच्या बाईंनी स्टोक्सचं सूत्र मुलांकडून सोडवून घेतलं. कणाचा व्यास निम्मा झाला की पडायचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो हे मुलांनी स्वतः काढलं.

९ नोव्हेंबर

भाची शनिवारी गाडी काढून राज्याच्या पश्चिम टोकाला, मिसुरी नदीकाठच्या लोएस टेकड्यांकडे गेली. लोएस म्हणजे वाऱ्याने आणून रचलेला पोयटा. तिथे पोयट्याचे थर काही जागी साठ मीटरच्या आसपास जाड आहेत. रस्त्यासाठी कापलेली दरड भिंतीसारखी उभी राहते. बोटाने खरडली की पिठी निघते.

तिच्या त्या बाटलीत वाळू नावाला, चिकण थोडी, मधला थर मात्र बाटली भरून. वाटीत एकही खडा नाही.

मुलांना क्रम सांगितला. बर्फाने खडक दळला. वितळपाण्याने ते पीठ नदीच्या पात्रात आणून पसरलं. हिवाळ्यात पाणी आटलं, पात्र उघडं पडलं आणि वाऱ्याने ते उचलून काठावर रचलं. हिमनदी जिथे पोचलीही नाही तिथल्या शेतकऱ्याच्या जमिनीतही हिमनदी आहे. रशियातल्या ज्या काळ्या मातीवर दोकुचायेव यांनी १८८३ मध्ये ग्रंथ लिहिला आणि ज्यातून मृदाशास्त्र उभं राहिलं, त्या चेर्नोझेमचा बराच भाग असल्याच लोएसवर तयार झालेला आहे.

"म्हणजे धूळ," एक मुलगा म्हणाला. हो, धूळच.

११ नोव्हेंबर

दोन काळ्या मातींवर आज वर्गात चांगला वाद झाला. आयोवाची काळी आणि विदर्भ-मराठवाड्याची काळी एकच, असं दोघांचं म्हणणं. रंग सारखाच आहे, त्यांची चूक नाही.

आयोवात बर्फ गेल्यावर हजारो वर्षं उंच गवत होतं. गवताची मुळं दरवर्षी मरत, थंडीमुळे पूर्ण कुजत नसत आणि तो कर्ब मातीत साठत गेला. तिथला काळेपणा कर्बाचा. आपल्या रेगूर मातीत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्या आतच. तिचा काळा रंग बेसाल्टमधली खनिजं आणि त्यांच्यापासून बनलेली चिकण यांच्याकडून येतो. ही चिकण ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. फुगणारी चिकण आयोवाच्या मातीतही आहे, हे मुलांना आवडलं. नातं रंगात नव्हतं, चिकणीत निघालं.

मग वय. आपला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. शहापूरच्या माळावर इतक्या पावसाळ्यांनी चुना, पोटॅश, मॅग्नेशियम धुऊन नेलं आणि लोह मागे ठेवलं, म्हणून ती तांबडी. माथेरानला हेच टोकाला गेलेलं दिसतं, तिथे वर जांभा तयार झाला आहे. आयोवाचं पीठ त्या मानाने कालचं दळण, त्यातले क्षार अजून खर्च व्हायचे आहेत. मृदाशास्त्रज्ञ हान्स येनी यांनी १९४१ मध्ये माती घडवणारे पाच घटक मांडले: हवामान, सजीव, उतार, मूळ द्रव्य, काळ. फळ्यावर पाचही लिहिले आणि मुलांना म्हटलं, प्रत्येक बाटलीपुढे यातला सगळ्यात जड कोणता ते लिहा. एकमत झालं नाही. होऊ नये असंच वाटत होतं.

१६ नोव्हेंबर

"सर, महाराष्ट्रात कधीच बर्फ नव्हता?" होता. चंद्रपूर जिल्ह्यात इरई इथे तालचेर काळातला, म्हणजे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा हिमोढ आहे आणि त्याच्याखालच्या चुनखडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत. भूवैज्ञानिक फेडन यांनी १८७५ मध्ये त्याची नोंद केली. तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाजवळच्या गोंडवन या महाखंडाचा भाग होता. पण तो हिमोढ आता दगड झालेला आहे. प्रदर्शनात एक ओळ, जास्त नाही.

२३ नोव्हेंबर

आजचा दिवस सगळ्यात मोलाचा.

एका मुलाचे वडील कोपरखैरण्याला एका इमारतीच्या पायलिंगवर सुपरवायझर आहेत. मुलगा महिनाभर त्यांच्यामागे लागला होता. आज त्यांनी भोक पाडताना निघालेली माती खोलीप्रमाणे पाच पिशव्यांत भरून, वर मीटर लिहून पाठवली. माणूस थकून घरी येत असेल, तरी अक्षर किती नीट.

पिशव्या ओळीने मांडल्या. वर अडीच मीटर भराव, मुरूम आणि विटांचे तुकडे. त्याखाली नऊ मीटरपर्यंत निळसर करडा, मऊ, कुजलेल्या अंड्याचा वास येणारा चिखल, त्यात शिंपल्यांचे तुकडे. व्हिनेगर टाकलं आणि शिंपले फसफसले. आमच्याकडची पहिली फसफस! शेवटच्या पिशवीत मात्र वेगळंच: पिवळसर तांबूस घट्ट माती आणि मुरमाचे खडे. शिंपला नाही, वास नाही, फसफस नाही. शहापूरच्या पिशवीशेजारी ठेवली तर ओळखू येईना कुठली कोणती.

मुलगाच म्हणाला, "सर, ही तर माळावरची माती. खाडीच्या खाली कशी?"

खाडीच्या आधी तिथे जमीन होती म्हणून. वीस हजार वर्षांपूर्वी, उत्तर अमेरिकेवर आणि युरोपवर दोन-तीन किलोमीटर जाड बर्फ साचला होता तेव्हा, ते सगळं पाणी समुद्रातूनच उचललेलं होतं. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आपला किनारा आजच्यापेक्षा खूप पश्चिमेला. ठाण्याची खाडी आहे तिथे कोरडं खोरं होतं, झाडं होती, ओढे होते. मग बर्फ वितळत गेला, समुद्र चढत गेला आणि साधारण सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ येऊन ठेपला. खोऱ्यात खारं पाणी शिरलं. नद्यांनी डोंगरावरून आणलेली चिकण त्या खाऱ्या पाण्याला भेटली.

इथे मी थांबलो, कारण पुढचं मुलं स्वतःच बोलली. "आणि पुंजके झाले. आणि वीस मिनिटांत खाली बसली." ऑक्टोबरमधल्या चुकलेल्या बाटलीने आज खाडीचा साडेसहा मीटर चिखल समजावून दिला. तिवरांची मुळं पाण्याचा वेग मोडतात, त्यानेही गाळ धरला जातो.

मुंबईत १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली उभ्या झाडांची खोडं सापडली होती, त्यात खैर बराच. तिथे जमीन खचल्याचाही हात असावा असं तज्ज्ञ मानतात, त्यामुळे सगळं श्रेय समुद्राला देता येत नाही. पण आपल्या किनाऱ्याच्या चिखलाखाली जुनी जमीन आहे, हे तिथेही दिसलं.

रात्री भाचीला कळवलं. म्हटलं, "बाळा, तुझ्या शेतावरचा बर्फ जगभरच्या समुद्रात गेला, त्यातलं काही आमच्या खाडीतही आलं." ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, म्हणजे इथून तिथे माती नाही, पण पाणी आलंच."

बारा ऑक्टोबरला मी दोन वेगळ्या माती शेजारी ठेवायला निघालो होतो. आता वाटतं, दोन्ही एकाच घटनेची दोन टोकं आहेत. तिथे बर्फाने गाळ टाकला, इथे त्याच बर्फाच्या पाण्याने गाळ धरला.

१ डिसेंबर

तक्त्याचं शीर्षक बदललं. आधी "हिमोढ माती आणि ठाण्याची माती : तुलना" होतं. आता "बर्फ गेला, माती राहिली".

भाचीकडे जमीन वरून गोठू लागली आहे. खड्डा आता खणता येणार नाही, पण तिने शेतकऱ्याकडून एक गोष्ट विचारून घेतली. दर वसंतात रानात नवे दगड वर आलेले दिसतात. दगडाखालचं पाणी गोठून फुगतं, दगड उचलला जातो, खालच्या पोकळीत माती सरकते, दगड परत बसत नाही. हिमोढात दगड असेपर्यंत हे चालणार. पेरणीआधी घरची पोरं ते वेचून बांधावर टाकतात.

७ डिसेंबर

पाण्याचा निचरा हा भाग तक्त्यात नको असं मला वाटत होतं, मुलांनी हट्टाने घालायला लावला. त्यांचंच बरोबर होतं.

डी मॉइन लोबची जमीन इतकी ताजी आहे की पाण्याला ओढे-नाले पाडायला वेळच मिळालेला नाही. बर्फाने सपाट रान टाकलं आणि त्यात हजारो उथळ खळगे ठेवले, ज्यांना बाहेर पडायला वाट नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे दलदल आणि बदकं होती. मग शेतकऱ्यांनी मीटरभर खोल मातीच्या भाजलेल्या नळ्या पुरल्या आणि पाणी काढलं. आज प्लास्टिकच्या भोकं पाडलेल्या नळ्या असतात. त्या नळ्या नसत्या तर मका नसता. पण त्याच नळ्यांतून खताचा नायट्रेटही नदीत जातो, आणि डी मॉइन शहराच्या पाणीपुरवठ्याला नायट्रेट काढायची वेगळी यंत्रणा चालवावी लागते.

मुलांनी शेजारी उघाडीचं चित्र काढलं. नातीने आजोबांकडून झडपेची मापं घेऊन पुठ्ठ्याचं चालतं मॉडेल केलं. घमेल्यात पाणी चढवलं की झडप मिटते. मी दहा वेळा चालवून पाहिलं.

१९ डिसेंबर

प्रदर्शन. सहा बाटल्या, आयोवाच्या तीन बाटल्यांचे खऱ्या आकाराचे फोटो, खड्यांच्या वाट्या, उघाडी. धुतलेल्या खारीची बाटली दीड महिन्यानंतरही पुरती निवळलेली नाही, वर फिकट करडी छटा आहेच. लोक तिच्यापाशीच थांबत होते. परीक्षकांनी विचारलं, हिमनदीचा ठाण्याशी काय संबंध? मागच्या बाकावरच्या त्या मुलीने कोपरखैरण्याची शेवटची पिशवी उघडून त्यांच्या हातावर ठेवली आणि तिथून सुरुवात केली. मला काही बोलावं लागलं नाही.

आजोबा आले होते, पांढरी टोपी घालून. आयोवाच्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. "एवढी काली जमीन. आन पानी काढायला तेन्लाबी झटावं लागतं?" हो म्हटलं. मान डोलावली. मग कोपरखैरण्याचा चिखल बोटांत चोळून वास घेतला आणि लगेच म्हणाले, "हा खाजनाचा. इथं आमची सोयरीक व्हती, भात व्हायचं." खाजन म्हणजे खाडीकाठची खारवट जमीन.

२१ डिसेंबर

आवराआवर. बाटल्या धुऊन ठेवल्या, तक्ता वर्गात लावला. शहापूरच्या पिशव्या मुलगा परत नेणार आहे. खारीचा उरलेला गाळ टाकून देऊ का म्हणून नातीला विचारलं, तर तिने घरी फोन लावला. आजोबांनी परत मागितला आहे. पौषात बाहेरकाठ्याची डागडुजी काढायची आहे, तिथे लागेल.